थंडी फुकट, पॉइंट महाग

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सहलींच्या जाहिरातींत एक त्रिकूट हमखास दिसतं: म्हैसूर-ऊटी-कोडाई. मराठी मध्यमवर्गानं ही सहल वर्षानुवर्षं इमानेइतबारे केली आहे. वृंदावन गार्डनची रोषणाई, ऊटीच्या तळ्यात बोट, कोडाईला घोड्यावर बसलेल्या धाकट्याचा फोटो, आणि येताना निलगिरीच्या तेलाच्या बाटल्या व होममेड चॉकलेटचे डबे. मंडळी दमून-भागून घरी येतात, बॅगा दारातच ठेवतात आणि दोन दिवस झोपा काढतात. सहल आरामासाठी होती, हे एव्हाना कुणाच्या लक्षातही नसतं.

नकाशा उघडला की या दमणुकीचा उलगडा होतो. म्हैसूर ते ऊटी सव्वाशे किलोमीटर, तेही बंदीपूर-मुदुमलैच्या जंगलातून. रात्री नऊ ते सकाळी सहा हा रस्ता वाहनांना बंद, त्यामुळे सगळी धावपळ दिवसाच. ऊटी ते कोडाईकनाल सुमारे अडीचशे किलोमीटर. एक घाट उतरून खाली मैदानात यायचं, कोइमतूर-पळनीच्या उन्हात दुपार काढायची आणि संध्याकाळी दुसरा घाट चढायचा. उकाड्याला कंटाळून निघालेलं कुटुंब थंडीच्या दोन मुक्कामांमधला अख्खा दिवस त्याच उकाड्यात, उलटीच्या गोळ्या खात, खिडकीला डोकं टेकून काढतं. आणि त्याचे पैसेही मोजतं.

खरं तर निलगिरीत जे घ्यायला माणूस जातो ते फुकट आहे. तिथली हवा. समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. ऊटी २,२४० मीटरवर आहे. कोइमतूरचा पारा एप्रिलमध्ये छत्तीस-सदतीसवर असताना वर ऊटीत तो बावीस-तेवीसच्या पुढं सहसा जात नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आणि माथेरान आठशेच्या. म्हणजे महाबळेश्वरच्या डोक्यावर आणखी एक माथेरान ठेवलं की ऊटीची उंची येते. शिवाय हा प्रदेश विषुववृत्तापासून जेमतेम अकरा अंशांवर. त्यामुळे हिमालयातल्यासारखे उन्हाळा-हिवाळ्यात जमीन-अस्मानाचे फरक नाहीत. जो काही चढउतार आहे तो एकाच दिवसात होतो. दुपारी ऊन डोक्यावर तळपतं, कातडी भाजते, आणि झाडाखाली सरकलं की स्वेटर शोधावा लागतो. बहुतेक जुन्या घरांत आणि लॉजमध्ये छताला पंखाच नसतो. नागपूर-अकोल्याहून आलेल्या माणसाला मे महिन्यात पंख्याविना गाढ झोप लागावी, याहून मोठी चैन कोणती?

या चैनीला तिकीट नाही. तिकीट आहे ते पॉइंटांना, आणि पॉइंटांपर्यंत नेणाऱ्या टॅक्सीला. सकाळी नऊला गाडी हॉटेलच्या दारात. बोटॅनिकल गार्डन, रोझ गार्डन, दोड्डबेट्टा, बोट हाउस. दुसऱ्या दिवशी पायकारा, पाइन फॉरेस्ट आणि ‘शूटिंग स्पॉट’, जिथं कुठल्याशा हिंदी सिनेमातलं गाणं चित्रित झालं होतं. प्रत्येक ठिकाणी पार्किंग, प्रवेश, कॅमेरा, मक्याचं कणीस. दिवसभराचं भाडं, दोन वेळचं हॉटेलचं जेवण आणि सीझनमध्ये अव्वाच्या सव्वा झालेली खोली, एवढं धरलं की चौघांच्या कुटुंबाचा बजेट नावाचा प्रकार पहिल्याच संध्याकाळी निकालात निघतो. यातलं बोटॅनिकल गार्डन सोडू नये, हे खरं. १८४८ मध्ये विल्यम मॅकआयव्हर या बागतज्ज्ञानं आखलेली ती बाग अजूनही मुद्दाम जाऊन बसावं अशी आहे. पण तिथंही दीड तासाची मुदत देऊन ‘गाडी गेटवर उभी आहे’ असं सांगितलं गेलं, की बाग बघून होते आणि बसणं राहून जातं.

उलट स्वस्तातला मार्ग घेतला, की आराम आपोआप पदरात पडतो. हे चमत्कारिक वाटेल, कारण स्वस्त म्हणजे हाल हे समीकरण मराठी मनात एसटीच्या लाल डब्यापासून पक्कं बसलेलं आहे. निलगिरीत ते लागू पडत नाही.

सुरुवात रेल्वेनं. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून पुणे, सोलापूर, बंगळूरुमार्गे कोइमतूरला थेट गाडी आहे. दोन रात्रींचा प्रवास, स्लीपरचं तिकीट तीन आकड्यांत. तिथून मेट्टुपाळयम तासाभराच्या आत. आणि मेट्टुपाळयमला ऊटीला जाणारी निळी डोंगरी गाडी उभी असते. तिची कथा मोठी आहे. डोंगरात रेल्वे न्यायचा प्रस्ताव १८५४ चा. काम सुरू व्हायला १८९१ उजाडलं. गाडी कुन्नूरला पोचली १८९९ मध्ये आणि ऊटीला १९०८ मध्ये. ४६ किलोमीटरच्या मार्गावर १६ बोगदे, अडीचशे पूल, दोनशेच्या वर वळणं. कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात चढ इतका उभा आहे, दर बारा मीटरला जवळपास एक मीटर, की नुसत्या रुळांवर चाकं घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दात्यांच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या आहेत. एका पट्टीचा दाता जिथं असतो तिथं दुसरीची खाच येते, त्यामुळे इंजिनाचं दातेरी चाक कधीच मोकळं सुटत नाही. भारतात या पद्धतीची रेल्वे दुसरी नाही. २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

इंजिन पुढं नसतं, मागं असतं. गाडी ओढत नाहीत, ढकलतात. प्रत्येक डब्याच्या तोंडाशी सज्जासारख्या जागेत एक ब्रेकवाला उभा असतो, हातात झेंडी. पुढच्याची झेंडी बघून मागचा झेंडी दाखवतो आणि असा निरोप डब्याडब्यानं इंजिनापर्यंत पोचतो. हिलग्रोव्हला गाडी पाणी प्यायला थांबते. वाफेच्या इंजिनाला पाणी, प्रवाशांना चहा-वडे आणि वानरांना प्रवाशांचे वडे. कुणालाच घाई नसते, कारण घाई करून उपयोग नसतो. सकाळी सातच्या सुमारास निघालेली गाडी ऊटीला दुपारी बाराच्या आसपास पोचते. एवढ्या अंतराला बस त्याच्या निम्म्या वेळात जाते. ‘पाच तास? टॅक्सीनं गेलो असतो तर दोन पॉइंट झाले असते,’ हे वाक्य मराठीत त्या डब्यात अधूनमधून ऐकू येतं. ते म्हणणाऱ्यानं खरंच टॅक्सीनं जावं, एक सीट तरी रिकामी होईल. खिडकीबाहेर सुपारीच्या बागांपासून चहाच्या उतारांपर्यंत अठरा-एकोणीसशे मीटरची चढण पाच तासांत उलगडते. दुसऱ्या वर्गाच्या तिकिटात यापेक्षा जास्त काही देणारी रेल्वे देशात शोधावी लागेल.

मुक्काम कुठं, हा यातला कळीचा प्रश्न. ऊटीत नव्हे. ऊटी बघावी, दिवसभर हिंडावी आणि संध्याकाळी उतरून यावं. राहावं कुन्नूरला किंवा कोटागिरीला. कुन्नूर साडेअठराशे मीटरवर, ऊटीहून अठरा-एकोणीस किलोमीटर खाली. थंडी सोसवेल इतकीच, आणि डोंगरी गाडी, बस दोन्ही हाताशी. बाजारपेठेचा खालचा भाग गजबजलेला, कळकट म्हणावा असाच. पण चढून वर गेलं की सिम्स पार्कची झाडी सुरू होते. १८७४ ची ही बाग ऊटीच्या बागेपेक्षा लहान आहे आणि निवांतपणात तिच्यापेक्षा कितीतरी सरस. मोठ्या रिसॉर्टांच्या वाटेला न जाता वायडब्ल्यूसीएसारख्या संस्थांची जुन्या बंगल्यांतली विश्रामगृहं आणि गावातली साधी लॉज शोधली, तर सीझन सोडून कोणत्याही महिन्यात खोली परवडते. कोटागिरी आणखी लहान, आणखी शांत. रेल्वे तिथं जात नाही म्हणूनच ते तसं राहिलं असावं.

आणि एकदा खोली घेतली की ती बदलायची नाही. चार-पाच रात्री एकाच ठिकाणी. रोज बॅगा भरणं नाही, रोज नव्या बाथरूमचा गीझर समजून घेणं नाही. इथलं हवामानही याच बेताला धार्जिणं आहे. सकाळी आकाश स्वच्छ असतं, दुपारनंतर ढग चढून येतात. तेव्हा नाश्ता करून बसनं बाहेर पडावं, दीड-दोनपर्यंत परतावं, जेवून झोपावं. डॉल्फिन्स नोज, लॅम्ब्स रॉक ही कड्यावरची ठिकाणं सकाळीच दिसतात. दुपारी तीनला टॅक्सीनं तिथं पोचलेल्यांना पांढऱ्या धुक्याची भिंत बघायला मिळते आणि ड्रायव्हरला शिव्या मिळतात.

तमिळनाडू परिवहनच्या बसचा धसका घ्यायचं कारण नाही. फलकांवर तमिळ अक्षरं असतात, ती वाचता येत नाहीत, पण ‘ऊटी?’, ‘कोटागिरी?’ एवढं विचारलं की कंडक्टर हातानं बस दाखवतो. पहिल्या फेरीत पोटात गोळा येतो हे मान्य. घाटाच्या वळणावर समोरून दुसरी बस आली की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांना खिडकीतून काहीतरी बोलून, हातभर अंतरानं गाड्या काढतात. दुसऱ्या दिवशी प्रवासी पेंगायला लागतो. मात्र बरोबर गुडघे धरलेली आजी असेल तर एक दिवस टॅक्सी करावी, त्यात कमीपणा नाही. रोजची टॅक्सी हा आराम नव्हे, एवढंच म्हणणं आहे.

जेवणाचा प्रश्न मराठी पर्यटकाच्या मनात नेहमी मोठा असतो. इतका, की मोठ्या सहलींबरोबर आपला आचारी आणि वरण-भाताची पातेली निलगिरीवर चढतात. गंमत म्हणजे भात, सांबार, रसम, पोरियल, ताक असं केळीच्या पानावरचं ‘मील्स’ कुठल्याही गावात वरण-भाताच्याच मायेनं वाढलं जातं, पुन्हा पुन्हा वाढलं जातं, आणि तेही माफक पैशांत. चार वाजता बेकरीत जावं. तिथं वर्की मिळते: पापुद्रे सुटलेला, खडबडीत, खारीपेक्षा टणक आणि किंचित गोडसर पदार्थ. इंग्रजांच्या बेकऱ्यांतून स्थानिकांनी उचलला आणि आपलासा केला. २०२३ मध्ये ऊटीच्या वर्कीला भौगोलिक मानांकन मिळालं. चहात बुडवली तरी ती चटकन विरघळत नाही. होममेड चॉकलेटपेक्षा ही नेलेली बरी, स्वस्तही पडते.

आता ई-पासबद्दल, कारण गेल्या दोन वर्षांत ऊटीचं नाव निघालं की तक्रार त्याचीच असते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं ७ मे २०२४ पासून निलगिरी आणि कोडाईकनालला येणाऱ्या बाहेरच्या वाहनांना ई-पास सक्तीचा झाला. २०२५ च्या उन्हाळ्यासाठी निलगिरीत रोज ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० वाहनांची मर्यादा घालण्यात आली. व्यापाऱ्यांनी एप्रिलच्या सुरुवातीला बंद पाळला. ‘पर्यटकांना हाकलून देता काय’ असा सूर पुण्या-मुंबईतही उमटला.

तो सूर चुकीचा आहे. न्यायालयापुढं आलेल्या माहितीनुसार सीझनमध्ये निलगिरीत दिवसाला सुमारे २० हजार वाहनं चढत होती. त्यांत मोटारी साडेअकरा हजार, बस फक्त सहाशे. या घाटरस्त्यांवर, पाण्याची टंचाई असलेल्या या गावांत आणि हत्तींच्या वाटांवर एवढ्या मोटारी म्हणजे कुणाच्याच वाट्याला निवांतपणा नाही, मोटारीत बसलेल्याच्या तर नाहीच. आणि मुख्य गोष्ट तक्रार करणारे सांगत नाहीत: सरकारी बस आणि रेल्वेनं येणाऱ्याला ई-पास लागतच नाही. मर्यादा मोटारींवर आहे, माणसांवर नाही. माथेरानचा दाखला मराठी माणसाच्या दारातच आहे. दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून पुढं पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीनं जायचं, हे मुंबईकर पिढ्यान् पिढ्या करत आले आणि त्यालाच माथेरानची मजा म्हणत आले. मे महिन्यात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाजवळच्या रांगेत अडकलेल्यांनी तरी ई-पासला नावं ठेवू नयेत. खंत असलीच तर ती उलटी असावी: मर्यादा घातली, पण बसची संख्या त्या मानानं वाढलेली दिसत नाही, आणि सकाळच्या बसला उभं राहून जावं लागतं.

बाटल्यांचंही तसंच. निलगिरी जिल्ह्यात प्लास्टिकविरोधी मोहीम या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे आणि पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांना बंदी आहे. तपासणी नाक्यावर त्या काढून घेतात. रस्त्याकडेला पाण्याची यंत्रं आहेत. घरची स्टीलची बाटली घेऊन गेलं की रोजचे बाटलीचे पैसे वाचतात.

पायी हिंडणाऱ्याला आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे तिथली माणसं. चहाच्या उतारांकडे फोटोची पार्श्वभूमी म्हणून बघितलं जातं. पण कुन्नूर-कोटागिरीच्या परिसरातला बराचसा चहा लहान शेतकऱ्यांचा आहे, त्यांतले पुष्कळजण बडगा समाजाचे. एक-दोन एकरांचा मळा, पानं तोडून सहकारी कारखान्यात घालायची, आणि किलोमागं काय भाव मिळतो यावर वर्षाचं गणित. उसाच्या दरासाठी रस्ता अडवणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला हे भांडण समजावून सांगावं लागणार नाही. गुडलूरच्या बाजूला सरकारी ‘टॅनटी’चे मळे आहेत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर श्रीलंकेतून परत पाठवलेल्या तमिळ मजुरांना काम देण्यासाठी ते उभे राहिले. कारखान्यात शिरलं की ओल्या गवताचा आणि भाजल्याचा मिळून एक वास येतो. पानं कोमेजवणं, यंत्रात चिरडणं, आंबवणं, वाळवणं हे सगळं अर्ध्या तासात बघून होतं आणि बाहेर पडताना तिथलीच चहापूड घेता येते.

ऊटीचा जन्मही फार जुना नाही. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ मध्ये वर आला, हवेच्या प्रेमात पडला, पुढं त्यानं दगडी बंगला बांधला, तळं खणवलं आणि बघता बघता मद्रास सरकारचा उन्हाळी मुक्काम इथं हलला. ज्यांच्या कुरणांवर हे झालं ते तोडा लोक म्हशी पाळणारे, आजही थोडेच उरलेले. पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळ्या धाग्यांनी ते जे भरतकाम करतात त्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोटागिरीत आणि ऊटीत स्थानिक संस्थांच्या दुकानांत ते मिळतं, आदिवासींनी गोळा केलेल्या मधासोबत. शाल महाग असते आणि असायलाच हवी, दिवसेंदिवस खपून एक तयार होते; बजेटवाल्यानं रुमाल किंवा पिशवी घ्यावी. सर्दी झाली की मराठी घरांत ज्या निलगिरीच्या तेलाची बाटली निघते त्याची झाडं मात्र मूळची इथली नव्हेत. इंग्रजांनी जळणासाठी ऑस्ट्रेलियातून आणून लावलेल्या त्या झाडांनी आणि वॅटलनं शोला जंगलांचा आणि गवताळ माळांचा मोठा हिस्सा गिळला. आता तीच झाडं काढण्याचं काम न्यायालयाच्या देखरेखीखाली चालू आहे.

राहता राहिला महिना. मे नको, हे शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या पालकांना सांगून उपयोग नाही. त्यांनी निदान एप्रिलचा पहिला पंधरवडा पाहावा, किंवा जूनचा. बाकीच्यांनी जून ते सप्टेंबर टाळायचं कारण नाही, कारण नैर्ऋत्य मोसमी पाऊस पश्चिम अंगावर कोसळतो. पश्चिमेकडच्या अव्हलांचीला ऑगस्ट २०१९ मध्ये एका दिवसात आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. पूर्वेकडच्या कुन्नूर-कोटागिरीला त्यातला थोडाच पोचतो. त्यांचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या दिवसांत दरडी कोसळतात आणि कल्लार-कुन्नूर मार्ग कधी दिवस, कधी आठवडे बंद राहतो. डोंगरी गाडीसाठीच जाणाऱ्यानं तेव्हा जाऊ नये.

सगळ्यांत उत्तम जानेवारी-फेब्रुवारी. ऊटीच्या खोलगट भागात पहाटे दहिवर गोठून गवत पांढरं पडतं, कुन्नूरला मात्र शालीत भागतं. खोल्यांचे दर उतरलेले असतात. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि डोंगरी गाडीच्या जागा थोड्या, त्यामुळे जानेवारीअखेरच्या बेतासाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला फोन हातात हवा. ती जागा नाही मिळाली, तरी मेट्टुपाळयमहून बसनं कुन्नूर गाठावं आणि कुन्नूर-ऊटी हा वरचा टप्पा दिवसा धावणाऱ्या साध्या गाडीनं करावा. तिला डिझेल इंजिन असतं आणि दातेरी रूळ नसतात. पण वेलिंग्टन, अरुवनकाडू, केट्टी, लवडेल ही स्टेशनं त्याच वाटेवर आहेत, आणि केट्टीच्या दरीकडची खिडकी कुन्नूरहून जाताना डाव्या हाताची की उजव्या, हे डब्यातला कुठलाही शाळकरी पोरगा सांगतो.